नकटीचं लाल टोपडं

एक होती चिचुंद्री. तिचं नाव नकटी.

नाव नकटी, पण नाक हे एवढं लांब. नाव कुणी ठेवलं, कोण जाणे. ठेवणाऱ्याने नीट पाहिलं नसणार.

नकटी राहायची बालवाडीत, जुन्या लाकडी कपाटाच्या मागे. तिथे तिचं अंथरूण होतं. लाल लोकरीचं टोपडं. कुणा बाळाचं होतं. बाळ मोठं झालं, टोपडं तिथेच राहिलं. रोज नकटी त्यात शिरायची. शेपूट आत. पोट आत. पाय आत. नाक तेवढं बाहेर. की लागली झोप.

एक दिवस बालवाडीत नवं सामान आलं. नव्या इवल्या खुर्च्या आल्या. नवं लोखंडी कपाट आलं. नवी वस्तू आली की तिला कुंकू लावायचं, हार घालायचा. बालवाडीच्या कुमुदबाईंनी तसंच केलं. नव्या कपाटाला झेंडूचा हार घातला. लोखंडी कपाट नवरदेवासारखं ऐटीत उभं राहिलं.

नवं आलं. मग जुनं कुठे ठेवायचं? जुनं जाणार. जुन्या खुर्च्या जाणार, जुनी बाकं जाणार, जुनं कपाट जाणार.

ते न्यायला माणसं आली. तुळशीदादा आला, तो हमाल. ओझी उचलायचा. गबाजीमामा आला, तो टेंपोवाला. फळ्या टेंपोत रचायचा. पांचाळकाका आला, तो सुतार. खिळे उपटायचा. आणि शेवंतामावशी आली. ती धूळ झाडायची.

जुनं सामान मोठं खट्याळ असतं हं. हाताला बोचतं. पायावर पडतं. नाकात धूळ उडवतं. डोळ्यांत काहीबाही फेकतं. म्हणून कुमुदबाईंनी एक पिशवी आणली. पिशवीत होते पायांचे बूट. हातांचे हातमोजे. डोळ्यांचा मोठा चष्मा. आणि नाकातोंडावर बांधायची पट्टी.

पिशवी एक. माणसं चार. आता काय करायचं?

बाईंना सवय प्रसाद वाटायची. एकच पेढा असला, तरी त्या सगळ्यांना चिमूट चिमूट द्यायच्या. कुणाचं मन दुखायला नको. पिशवीही त्यांनी तशीच वाटली. आत हात घातला, जे आलं ते दिलं. मामाला बूट. काकाला हातमोजे. मावशीला चष्मा. दादाला पट्टी. सगळ्यांना एकेक मिळालं. बाई खूश झाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

बाकी कुणीच खूश नव्हतं. दादा मामाकडे बघत होता. मामा काकाकडे बघत होता. काका मावशीकडे बघत होता. मावशी दादाकडे बघत होती. म्हणतात ना, आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं बघायचं वाकून. तसं चाललं होतं.

दादाचं कामात लक्ष नव्हतं. त्याने जुनं कपाट उचललंच नाही. नुसतं ढकललं.

खर्रर्र. खर्रर्र. धप्प.

नकटी टुणकन उडाली. ती वाचली. पण कपाटाचा पाय बसला बरोब्बर टोपड्यावर.

नकटीने टोपडं ओढलं. सुटेना. दातांनी ओढलं. सुटेना. थंडीचे दिवस. फरशी गार. आता झोपायचं कशात?

नकटीने अंगणात पाहिलं. अंगणात ऊन होतं. उन्हात जुन्या खुर्चीची उशी होती. उशीवर बकुळा मांजर होती. घुर्र घुर्र झोपली होती.

नकटीच्या पोटात दुखलं. "तिला उशी. आणि मला टोपडंसुद्धा नाही."

नकटीने नाक मुरडलं. नाक लांब, मुरडायला वेळ लागला. मग ती गेली कपाटाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कपाटा, कपाटा, बाजूला हो.
माझं टोपडं सुटेना."

कपाट कुरकुरलं. ते म्हणालं, "नव्या कपाटाला हार मिळाला. मला नाही मिळाला. मला नुसतं ढकललं. ढकलून माझा पाय मोडला तर? आधी दादाने मला मानाने उचलावं. मग मी हलेन."

नकटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत अंगण. अंगणात उशी. उशीवर बकुळा. बकुळाने आळस दिला. नकटीच्या पोटात दुखलं.

नकटी गेली तुळशीदादाकडे. दादा पायरीवर बसला होता. पट्टी नाकावर नाही, कपाळावर.

"दादा, दादा, कपाट उचल.
कपाट काही हलेना,
माझं टोपडं सुटेना."

दादाने पायाची बोटं हलवून दाखवली. तो म्हणाला, "मामाला बूट मिळाले. मला नाही मिळाले. कपाट माझ्या पायावर पडलं तर? आधी मामाने बूट द्यावे. मग मी उचलेन."

नकटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत अंगण. अंगणात उशी. उशीवर बकुळा. बकुळाने कूस बदलली. नकटीच्या पोटात आणखी दुखलं.

नकटी गेली गबाजीमामाकडे. मामा टेंपोत बसला होता. पाय खिडकीतून बाहेर. सगळ्यांना बूट दिसायला नकोत का?

"मामा, मामा, बूट दे.
दादा कपाट उचलेना,
कपाट काही हलेना,
माझं टोपडं सुटेना."

मामाने पाय आत घेतले. तो म्हणाला, "काकाला हातमोजे मिळाले. मला नाही मिळाले. लाकडाचं कुसळ माझ्या हातात गेलं तर? आधी काकाने हातमोजे द्यावे. मग मी बूट देईन."

नकटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत अंगण. अंगणात उशी. उशीवर बकुळा. बकुळाने मिशा साफ केल्या. नकटीच्या पोटात आणखी आणखी दुखलं.

नकटी गेली पांचाळकाकाकडे. काका शेंगदाणे खात होता. हातमोजे घालूनच. एक दाणा तोंडात, दोन दाणे खाली. पण हातमोजे काढेल तर शपथ.

"काका, काका, हातमोजे दे.
मामा बूट देईना,
दादा कपाट उचलेना,
कपाट काही हलेना,
माझं टोपडं सुटेना."

काकाने शेंगदाणे बाजूला ठेवले. तो म्हणाला, "मावशीला चष्मा मिळाला. मला नाही मिळाला. खिळा उडून माझ्या डोळ्यात गेला तर? आधी मावशीने चष्मा द्यावा. मग मी हातमोजे देईन."

नकटी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. वाटेत अंगण. अंगणात उशी. उशीवर बकुळा. बकुळा पाय वर करून झोपली. पोटाला ऊन देत. नकटीने नाक मुरडलं, परत सरळ केलं, परत मुरडलं. तिच्या पोटात फारच दुखलं.

नकटी गेली शेवंतामावशीकडे. मावशी खिडकीच्या काचेत बघत होती. चष्मा चढवून. मान अशी करून, मान तशी करून.

"मावशी, मावशी, चष्मा दे.
काका हातमोजे देईना,
मामा बूट देईना,
दादा कपाट उचलेना,
कपाट काही हलेना,
माझं टोपडं सुटेना."

मावशी खोकली. खॉक खॉक. ती म्हणाली, "दादाला पट्टी मिळाली. मला नाही मिळाली. कपाटाची धूळ माझ्या नाकात गेली तर? आधी दादाने पट्टी द्यावी. मग मी चष्मा देईन."

आता पुन्हा कुणाकडे? दादाकडे.

नकटी दमली होती. तरी निघाली. तुरुतुरु, तुरु... तुरु.

"दादा, दादा, पट्टी दे.
मावशी चष्मा देईना,
काका हातमोजे देईना,
मामा बूट देईना,
दादा कपाट..."

नकटी थांबली. अरे, दादा तर हाच. मग तिने उरलेलं हळूच म्हटलं.

"दादा कपाट उचलेना,
कपाट काही हलेना,
माझं टोपडं सुटेना."

दादा म्हणाला, "मी का देऊ? मामाने बूट दिले का?"

मामाने नव्हते दिले. काकाने हातमोजे दिले नव्हते, म्हणून. काकाने का नाही दिले? मावशीने चष्मा दिला नव्हता, म्हणून. मावशीने का नाही दिला? दादाने पट्टी दिली नव्हती, म्हणून. झालं. फिरून फिरून भोपळे चौकात.

जुनं कपाट उभं होतं तिथेच उभं. आणि त्याच्याखाली टोपडं.

नकटी रडायला लागली. चुंई चुंई. चुंई चुंई. लांब नाक टोकापर्यंत ओलं झालं.

तेवढ्यात दादाला आली जांभई. आऽऽऽ. डोकं मागे गेलं. कपाळावरची पट्टी सटकली. टप्प. पडली ती नकटीच्या पुढ्यात. दादाला पत्ताच नाही.

पट्टी पांढरी होती, मऊ होती. दोन्ही बाजूंना कानाला अडकवायचे बंद होते. नकटीने एक बंद अडकवला बाकाच्या या पायाला. दुसरा अडकवला त्या पायाला. झाला की झोका. नकटी आत शिरली. शेपूट आत. पोट आत. पाय आत.

कुई कुई, इकडे. कुई कुई, तिकडे.

अंगणात बकुळाने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. ती उशीवरून उठून बसली. झोक्याकडे बघतच राहिली. आता बकुळाच्या पोटात दुखलं.

आणि नकटीला काय गोड वाटलं म्हणून सांगू. लाडू खाल्ल्यासारखं वाटलं. ती मुद्दाम जोरात झुलली. कुई कुई, कुई कुई. "बघ बघ," ती मनात म्हणाली, "तुला नुसती उशी. मला झोका."

मावशीने केरसुणी उचलली. कपाट झाडायला गेली. सप. एकदाच झाडलं. आक्छी. खॉक खॉक. खॉक खॉक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी खाली बसली. तिला झोका दिसला. नुसती बघत राहिली.

नकटीने नाक आत घेतलं. नाही देणार. मला मिळालाय झोका, मी नाही देणार.

तिकडे मामा कंटाळला. तो म्हणाला, "कुणी उचलत नाही ना? मग मी दोर बांधतो. टेंपोने ओढतो कपाट. फर्रर्र."

तो दोर शोधायला लागला.

नकटीचा झोका थांबला. टेंपोने ओढलं तर? कपाट फर्रर्र जाईल. टोपडंही फर्रर्र जाईल. त्याच्या चिंध्या होतील. एक लाल चिंधी इथे, एक लाल चिंधी तिथे.

नकटीने झोका हुंगला. झोक्याला वास येत होता दादाच्या डोक्याच्या तेलाचा. तिच्या टोपड्याला येतो तिचा स्वतःचा वास. नकटीने बकुळाकडे पाहिलं. बकुळा अजून बघत होती. तिच्या पोटात अजून दुखत होतं. किती छान दुखत होतं. नकटीला झोका सोडवेना.

मामाला दोर सापडला.

नकटीने टुणकन उडी मारली. एक बंद सोडवला. दुसरा बंद सोडवला. पट्टी दातांत धरली आणि धावली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु. पट्टी ठेवली मावशीच्या पायाशी.

"मावशी, मावशी, ही घे पट्टी," नकटी म्हणाली. "झोका नको मला. माझं टोपडं दे."

मावशीने पट्टी झटकली. नाकातोंडावर बांधली. केरसुणी घेतली. सप सप, सप सप. ढगाएवढी धूळ उडाली. मावशी खोकली? नाही. शिंकली? नाही. कपाट झालं स्वच्छ.

मावशी म्हणाली, "माझं झाडून झालं. मला आता चष्मा कशाला?" तिने चष्मा दिला काकाला.

काकाने चष्मा चढवला. खिळे उपटायला लागला. कुर्रर्र. कुर्रर्र. एक खिळा उडाला. टिंग. चष्म्यावर आपटला आणि खाली पडला. काकाने डोळे मिचकावले. दोन्ही डोळे जागच्या जागी. कपाटाची दारं निघाली. फळ्या निघाल्या. काकाने खिळे वेचून डब्यात टाकले. एकही खाली ठेवला नाही.

काका म्हणाला, "माझे खिळे झाले. मला आता हातमोजे कशाला?" त्याने हातमोजे दिले मामाला.

मामाने दोर टाकून दिला. हातमोजे घातले. फळ्या उचलल्या. एक कुसळ हातमोज्यात घुसलं. हातापर्यंत पोचलंच नाही. मामाने फळ्या टेंपोत नीट रचल्या. एकीवर एक, एकीवर एक.

मामा म्हणाला, "मी आता टेंपोत बसणार. मला बूट कशाला?" त्याने बूट दिले दादाला.

दादाने बूट घातले. कपाटाजवळ गेला. कपाटाला हात लावला, मग तो हात कपाळाला लावला. ओझं उचलण्याआधी हमाल असंच करतात. कपाटाची कुरकुर थांबली. त्याला मान मिळाला ना.

कपाट आता हलकं झालं होतं. ना दारं, ना फळ्या, नुसता सांगाडा. तरी दादाने घाई केली नाही. गुडघे वाकवले. पाठ ताठ ठेवली.

हुप्पा हुय्या.

कपाट वर आलं. जरासं निसटलं. टक. दादाच्या बुटावर पडलं. बोटं आत शाबूत. दादाने आत हलवून पाहिली.

पुन्हा हुप्पा हुय्या.

कपाट उठलं.

टोपडं सुटलं.

चला, आपण म्हणू या.

मावशीने चष्मा दिला,
काकाने हातमोजे दिले,
मामाने बूट दिले,
दादाने कपाट उचललं,
कपाट एकदाचं हललं,
नकटीचं टोपडं सुटलं.

नकटीने टोपडं ओढलं. तुरुतुरु नेलं नव्या कपाटाच्या मागे. टोपडं चपटं झालं होतं. चकलीएवढा गोल डाग पडला होता मधोमध. असू दे. नकटी आत शिरली. शेपूट आत. पोट आत. पाय आत. तिचाच वास, तिचीच ऊब.

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. पाहतात तर काय, कपाट गेलं होतं आणि चष्मा, हातमोजे, बूट, पट्टी सगळं इकडचं तिकडे झालं होतं. चौघांनी त्यांना सगळं सांगितलं. एकदम सांगितलं, म्हणून बाईंना दोनदा ऐकावं लागलं.

बाईंनी कपाळावर हात मारला. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "पेढा वाटून खावा. हे वाटून कसं चालेल? प्रत्येकाला सगळं हवं."

बाई म्हणाल्या, खुर्च्या आणि बाकं आज राहू देत. आणखी पिशव्या आणते, प्रत्येकाला एक. मगच त्यांना हात लावा. तोवर चहा घ्या.

मग चौघांनी चहा घेतला. सगळ्यांचे कप सारखे. सगळ्यांचा चहा सारखा. दादाने तरी मामाच्या कपात जरा डोकावून पाहिलंच. सवय अशी लगेच जाते होय?

जाता जाता मामाने अंगणात पाहिलं. जुन्या खुर्चीची उशी तिथेच होती. तीही जुन्या सामानातलीच, आणि मऊ उशी उचलायला बूट-हातमोजे कशाला? मामाने बकुळाला उचललं, खाली ठेवलं. उशी उचलली, टेंपोत टाकली. भुर्रर्र. टेंपो गेला. उशी गेली. बकुळा बसली गार फरशीवर. शेपूट आपटत.

हे बघायला नकटी हवी होती. सकाळपासून तिला हेच तर हवं होतं. बकुळाची उशी जावी, जावी, जावी.

पण नकटीने पाहिलंच नाही. ती गाढ झोपली होती. पोटात काही दुखत नव्हतं. नाक तेवढं बाहेर होतं.

नकटी शिरली टोपड्यात, गोष्ट शिरली कानात. तुम्ही शिरा पांघरुणात. नाक तेवढं बाहेर ठेवा.